तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन बदलून मोकळा का होत नाही

पेट्रोल पंपावर, आरटीओच्या रांगेत, मंगल कार्यालयाबाहेर गाडी लावताना प्रश्न नेहमी त्याच क्रमाने येतात. "ही कुठली गाडी?" स्टँडर्ड 2000, मद्रासची. "पार्ट मिळतात?" अवघड जातं. आणि मग तिसरा, ज्याच्यासाठी पहिले दोन विचारलेले असतात: "मग त्यात दुसरं इंजिन टाकून मोकळे का होत नाही?" विचारणाऱ्यांत अनोळखी माणसं असतात, सख्खा मेहुणा असतो आणि ज्यांचं आयुष्य बॉनेटखाली गेलं असे मिस्त्रीही असतात. उभ्या उभ्या दिलेली उत्तरं मला स्वतःलाच पटत नाहीत. म्हणून एकदा बसून लिहितो.

या गाडीची सगळी कुंडली इथे मांडत नाही. दोनच गोष्टी ध्यानात असू द्या. अंग, म्हणजे बॉडी, इंग्लंडच्या रोव्हर एसडी1 चं, म्हणजे 1977 मध्ये युरोपात 'कार ऑफ द इयर' ठरलेल्या गाडीचं. आणि इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या जुन्या गाडीच्या घराण्यातलं, 1991 सीसीचं, ज्याची मुळं 1940 च्या दशकात आहेत. 1985 मध्ये मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात ही दोन्ही एकत्र आली आणि 1988 मध्ये कारखाना थांबला.

आता पार्टचं. बेअरिंगवर नंबर असतो आणि तो नंबर गाडीचं नाव विचारत नाही. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की सील मिळतं. पुण्यात नाना पेठेत जाऊन "स्टँडर्ड 2000 चा पार्ट आहे का" असं विचारलं की काउंटरवरचा माणूस मान हलवतो. तोच जुना पार्ट कापडात गुंडाळून नेऊन समोर ठेवला की तो बोटांनी चाचपतो, आतल्या फळ्यांकडे जातो आणि निम्म्या वेळा काहीतरी घेऊन येतो. कुर्ल्याला तसंच, चेन्नईच्या पुदुपेटला तसंच. गाडीचं नाव घ्यायचं नाही, वस्तू दाखवायची, एवढं मी शिकलो.

आणि ज्या इंजिनाला तुम्ही काढून टाका म्हणता, त्याचे पार्ट या गाडीत सगळ्यांत सोपे मिळतात. हे सांगितलं की समोरचा माणूस विश्वास ठेवत नाही. पण ट्रायम्फच्या टीआर2 आणि टीआर3 या स्पोर्ट्स गाड्यांत याच घराण्यातलं इंजिन होतं, तेही 83 मिलिमीटर बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या तेवढ्याच व्यासाचं. त्या गाड्यांवर जगभर लोकांचा जीव आहे, म्हणून लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), पिस्टन, हेड पॅकिंग आजही नवे बनतात आणि इंग्लंडहून मागवता येतात. कस्टमची ड्युटी भरताना त्रास होतो, पण वस्तू येते. माझ्या इंजिनात एकदा ऑइल दुधाळ झालं तेव्हा "ब्लॉक गेला, फेकून द्या" असं सांगणारे बरेच भेटले. ब्लॉक गेलेला नव्हता. या इंजिनाचे लायनर ओले असतात, पाणी थेट त्यांच्या बाहेरून खेळतं, आणि खाली इंग्रजी आठाच्या आकाराची पातळ पॅकिंग दोन-दोन लायनरना मिळून बसते. ती पॅकिंग खराब झाली की पाणी खाली ऑइलमध्ये उतरतं. लायनर ब्लॉकच्या वर 3 ते 5 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, उभा राहिला पाहिजे. कमी राहिला तर हेड पॅकिंग त्याला नीट दाबत नाही. एवढं मोजून करणारा एक म्हातारा टर्नर मिळाला आणि इंजिन उभं राहिलं. ज्याला मोजायचं नसतं तो बदलायला सांगतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोव्हरच्या बाजूचंही तसंच. इंग्लंडमध्ये एसडी1 सांभाळणारे लोक आहेत. कारखाना गुंडाळल्यावर इथे न वापरता पडून राहिलेले एसडी1 चे पार्टसुद्धा ब्रिटनमधल्या एका व्यापाऱ्याने विकत घेऊन तिकडे नेले. म्हणजे मद्रासच्या गोदामात माझ्या गाडीसाठी पडून असलेला दिवा मी आज पौंड मोजून इंग्लंडहून परत आणायचा. याचा मला राग येतो. पण त्या माणसाने नेले नसते तर ते भंगारात वजनावर गेले असते, हेही मला कळतं.

मग अडतं कुठे? मधल्या जागेत. रोव्हरने एसडी1 मध्ये व्ही8 बसवलं, सहा सिलिंडरचं बसवलं, पुढे स्वतःचं दोन लिटरचं आणि डिझेलही बसवलं. व्हॅनगार्डचं इंजिन त्यांनी त्यात कधीच बसवलं नाही. ते मद्रासने केलं. त्यामुळे इंजिन आणि अंग यांना जोडणारी जी जी वस्तू आहे, म्हणजे इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट, मॅनिफोल्डपासून खाली जाणारा सायलेन्सरचा पुढचा पाइप, रेडिएटरच्या होजची वळणं, ती ना रोव्हरच्या यादीत सापडते ना ट्रायम्फच्या. त्या वस्तूंचा जन्म तीन-चार वर्षांचा आणि तोही थोड्या गाड्यांपुरता. गाडी खपली असती तर कुणीतरी त्यांचे डाय, म्हणजे साचे, करून ठेवले असते. ती खपली नाही. त्याच काळातल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला पुढे इसुझूचं इंजिन मिळालं, प्रीमियर 118एनई निसानचं इंजिन घेऊन आली, दोघींनी जुन्या युरोपी अंगात जपानी इंजिन घातलं आणि लोकांनी त्यांना आपलं म्हटलं. स्टँडर्डने आपलंच जुनं इंजिन घातलं आणि लोकांनी तिला पेट्रोल पिणारी, सुस्त म्हणून सोडून दिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती पेट्रोल पिते.

माझ्या गाडीचा डावा ब्रॅकेट तडकला आणि तिथून ही खरी गोष्ट सुरू होते. ब्रॅकेट म्हणजे लोखंडच, बनवून घ्या, असं वाटेल. बनवला. पण सॅम्पल म्हणून जो तडकलेला तुकडा दिला तो स्वतःच वाकलेला होता. नवा ब्रॅकेट वाकड्या सॅम्पलवर बेतला, इंजिन एका बाजूला किंचित कललं, गाडी एका ठरावीक वेगाला इतकी थरथरायची की आरसा धूसर दिसायचा. पुन्हा बनवला, पुन्हा तेच. सरळ मूळ ब्रॅकेट एकदा हातात आल्याशिवाय माप मिळणार नव्हतं, आणि मूळ ब्रॅकेट फक्त दुसऱ्या स्टँडर्ड 2000 मध्ये होता.

तशी एक रत्नागिरीच्या बाजूला उभी असल्याचं कळलं. मालक निवृत्त इंजिनिअर, मी त्यांना काका म्हणतो. नवी घेतलेली गाडी, एकाच हातातली, पत्र्याच्या शेडमध्ये. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "चालवणार ना?" मी म्हटलं, आधी पाहतो. गेलो. वरून गाडी सुरेख होती. रंग टिकलेला, काचा चारही शाबूत, मागचं दार वर धरणारे दांडे सोडले तर सगळं जागेवर. खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो फरशीतून आत गेला. दोन्ही बाजूंची सिल, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, पुढचे खांब जिथे तळाला मिळतात ती जागा, सगळं खाऱ्या हवेने खाल्लेलं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, अंग हीच चेसिस. तळ गेला म्हणजे गाडीच गेली.

बाहेर येऊन मी त्यांना तिथेच सांगितलं, "काका, ही रस्त्यावर येईल असं मला वाटत नाही. मी घेतली तर खोलणार, माझ्या गाडीसाठी." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नको." मी चहा घेतला आणि परत आलो. वाटेत मला बरंच वाटलं, कारण कुणाची गाडी पार्टसाठी खोलणारा माणूस गाड्यांवर प्रेम करणारा नव्हे, असं मी तोवर ठणकावून सांगत आलो होतो. चारचौघांत सांगितलेलं वाक्य होतं ते.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. शेड पाडायची होती, मुलाला जागा हवी होती, भंगारवाला येऊन बघून गेला होता. "ये," म्हणाले, "पण इथेच खोल. माझ्यासमोर."

आम्ही मिस्त्रीसह गेलो. काका खुर्ची टाकून बसले. मला वाटलं होतं ते बघवत नाही म्हणून आत जातील. ते हलले नाहीत. कुठला नट कधी बदलला हे ते सांगत होते. "तो माझा आहे, मूळचा नाही, तो कुठलाही पाना घे." इंजिनाला इंची पाने लागतात हे मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराला ठाऊक नव्हतं, त्याने मिलिमीटरचा पाना लावून एका बोल्टचं डोकं गोल केलं तेव्हा काका उठले, आतून स्वतःची पेटी आणली आणि त्याच्या हातात योग्य पाना दिला. ब्रॅकेट निघाले तेव्हा मी ते सपाट दगडावर ठेवून पाहिले. दोन्ही सरळ. मला आनंद झाला आणि तो लपवता आला नाही. काकांनी तो पाहिला. "मिळालं ना तुझं?" एवढंच म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, पण तो आवाज मला आवडला नाही आणि अजूनही आवडत नाही.

मग काचा काढल्या, दारांची कुलुपं, मीटर, मागचे दिवे. ज्याची मला गरज नव्हती तेही काढलं, कारण पुन्हा कुठे मिळणार. इथे काकांनी अडवलं. "तुझ्या गाडीला दोन दिवे लागतात, चार कशाला?" मी म्हटलं, उद्या फुटले तर. "आणि दुसऱ्या कुणाचे फुटले तर?" मी शब्द दिला की कुणी मागितले तर देईन. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने नेला. गॅस कटर त्याने रस्त्यावर लावला, आवारात नाही. ही अटही काकांचीच होती.

नंतर एका जाणत्या डेंटरने मी काढलेले तळाचे फोटो पाहून सांगितलं, "मी उभी केली असती." मी त्याच्याशी भांडलो. पुढचे खांब तळापाशी गेलेले असताना गाडी सरळ राहील कशावरून, मापं घेणार कुठून? तो म्हणाला, तुझ्या गाडीवरून. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कधी वाटतं तो बढाई मारत होता. कधी वाटतं त्या दिवशी मला ब्रॅकेट हवे होते म्हणून तळ जास्त कुजलेला दिसला. दोन गाड्या मरण्यापेक्षा एक चालावी, हे मी स्वतःला सांगतो, आणि ते खोटं नाही. पण "मग नको" म्हणणारा माणूस बरोबर नव्हता, हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

तर आता तुमचा प्रश्न. इंजिन का बदलत नाही? आरटीओचं कारण सांगता येईल: इंजिन बदलायला आधी परवानगी लागते, आरसी बुकात नोंद लागते, दर 5 वर्षांनी पासिंगला ते तपासतात. व्हिंटेज म्हणून नोंदणीचं कारणही सांगता येईल: 2021 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, म्हणजे ही 2035 नंतर, आणि तोही मूळ रूप राखलं तर. ही कारणं मी वर्षानुवर्षं दिली. खरी आहेत, पण ती नसती तरी मी इंजिन बदललं नसतं. इसुझूचं इंजिन घातलेली ही गाडी चांगली पळेल, कमी पिईल, आणि ती एक दुबळी रोव्हर होईल. मद्रासच्या माणसांनी यात जे केलं ते बरं-वाईट कसंही असो, ते त्या जोडणीत आहे. त्या दोन ब्रॅकेटमध्ये आहे. तेच काढून टाकायचं तर मी एक गाडी खोलली कशासाठी?

मेहुणा म्हणतो, हा हट्ट आहे, आणि या हट्टापायी एका म्हाताऱ्याची गाडी गेली. पहिलं मान्य. दुसऱ्यावर आमचं अजून चालू आहे.

सरळ ब्रॅकेटवरून मी आता लाकडी पॅटर्न करून घेतला आहे, मापं कागदावर उतरवून ठेवली आहेत, रबर किती कडक हवं तेही. कुणाला लागलं तर मिळेल, दिव्यांसह. आणि तुमच्या गावात अशी एखादी उभी असेल तर कळवा. कळवण्याआधी खाली झोपून तळ बघा, सिलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून बघा, आणि तिचा मालक ती चालवण्यासाठी देतोय की खोलण्यासाठी, हे त्याला आधी विचारा. मी आल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.