आजींची गोधडी आणि लूत लागलेला कायोटी

आम्ही आजारी वन्यप्राणी पकडून त्यांच्यावर उपचार करतो. फेब्रुवारीतला फोन, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातल्या एका मराठी घरातून. बाहेर उणे बारा. गॅरेजमध्ये एक मरतुकडं कुत्रं शिरलंय, अंगावर केस नाहीत, हाकललं तरी उठत नाही. फोटो मागवला. कुत्रं नव्हतंच, लूत लागलेला कायोटी होता, म्हणजे उत्तर अमेरिकेतला, लांडग्याचा लहान भाऊबंद शोभेल असा रानटी प्राणी.

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला: कुणाला चावलाय का, लाळ कुणाच्या जखमेला लागली का? उत्तर ‘हो’ आलं तर उपचारांचा विषय तिथेच संपतो, कारण रेबीजच्या तपासणीला मेंदू लागतो, म्हणजे प्राण्याला मारावंच लागतं. इथे ‘नाही’ आलं. मग घरचा कुत्रा आत घ्या, आतलं दार लावा, खायला काही घालू नका, असं सांगितलं. शेवटच्या सूचनेला उशीर झाला होता. भारतातून आलेल्या आजींनी त्याला दूध-पोळी घातली होती आणि थंडीचं म्हणून जुनी गोधडीही अंथरली होती.

दिवसाढवळ्या माणसांत फिरतो म्हणजे पिसाळलेलाच, असा इथे सर्रास समज आहे. बहुतेक वेळा तो फक्त उपाशी आणि गारठलेला असतो. केस गेले की ऊब टिकत नाही, अंगात ताकद नसल्यामुळे शिकार साधत नाही. मग कंपोस्टचा ढीग, मांजरीची ताटली, पायऱ्यांखालची पोकळी. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या अभ्यासातही आजारी कायोटी कंपोस्टकडे जास्त वळताना दिसले.

आम्ही दोघं गेलो. एकदा वापरून टाकायचा झगा, नायट्राइलचे पातळ रबरी हातमोजे, त्यावर कोपरापर्यंत जाड चामडी हातमोजे, बाह्या चिकटपट्टीने बंद. गळ्यात अडकवायचा फास अशा प्राण्याला मी वापरत नाही. मानेची कातडी भेगाळलेली असते, ओढलं की फाटते. जाळी टाकायची, वर ब्लँकेट, डोकं झाकायचं. पिंजऱ्यात सरकवताना खवट तेलासारखा वास आला. डोळे खपल्यांनी चिकटलेले, कोपरांवरची कातडी राखाडी आणि जाड.

वजन भरलं 7.8 किलो. या हाडापेराचा नर 13 किलोचा तरी हवा. तापमान 35.2 अंश, एरवी 38 ते 39 असतं. इथे लुतीच्या औषधाची घाई करायची नाही. आधी ऊब, मग कोमट केलेलं सलाइन. आणि पोटभर खाऊ घालायचं नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. नुसतं पडून असतानाही शरीराला जेवढे उष्मांक लागतात, पहिल्या दिवशी त्यांच्या पाव ते तृतीयांश, तेही थोडे थोडे. चार-पाच दिवसांत पूर्ण खुराक.

ब्लेडला मिनरल ऑइल लावून कानाची कड आणि कोपर खरवडले, रक्ताचे बारीक टिपके येईपर्यंत. वरवर खरवडलं तर हाती काही लागत नाही, कारण लुतीच्या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून रोज दोन-तीन अंडी घालते. सुरुवातीच्या लुतीत नीट खरवडूनही किडा सापडेलच असं नाही. इथे शोधावंच लागलं नाही. गोल शरीर, आखूड पाय, शेजारी अंडी आणि तपकिरी विष्ठेचे कण: सार्कोप्टीस, लुतीचा किडा. 1909 साली मोंटानात सरकारी पशुवैद्यांनी लांडगे आणि कायोटी संपवण्यासाठी ही लूत मुद्दाम सोडली होती. सुमारे शतकाने, 2007 मध्ये, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या लांडग्यांत ती दिसली. रोगाला हत्यार करणाऱ्यांना हा हिशेब सुचत नाही.

अंगात थोडी धुगधुगी आल्यावर खाण्यातून फ्लुरालानेर हे किडे मारणारं औषध दिलं, किलोमागे 25 मिलिग्रॅम. असर सुमारे 12 आठवडे टिकतो, त्यामुळे नंतर अंड्यातून निघालेले किडेही मरतात. आयव्हरमेक्टिन हे दुसरं औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून ते दोन आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं, म्हणजे पुन्हा जाळी, पुन्हा धसका. कातडीतल्या जिवाणूंसाठी अँटिबायोटिक वेगळं.

तेवढ्यात त्या घरून पुन्हा फोन. आजींच्या हातांवर आणि पोटावर लाल पुरळ उठलं होतं. गोधडी त्यांनीच गोळा करून उचलली होती. कुत्र्या-कायोटींच्या अंगावरचा हा किडा माणसाच्या कातडीत शिरतो, पण तिथे त्याची वंशवृद्धी होत नाही. म्हणून पुरळ एक-दोन दिवसांत उठतं आणि संपर्क तुटला की साधारण दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. माणसाची खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला 2 ते 6 आठवडे लागतात, आणि ती घरभर पसरते. आजींचं पुरळ लांबलं असतं, बोटांच्या बेचक्यांत गेलं असतं, तर डॉक्टरांनी वेगळा विचार केला असता. गोधडी 50 अंशांच्या वरच्या पाण्यात धुवून ड्रायरमध्ये कडक वाळवायला सांगितली. घरच्या कुत्र्याला खाज नसली तरी उपचार करायला सांगितले.

आजींनी विचारलं, “याला जळकं ऑइल नाही का रे लावत? आमच्याकडे गल्लीतल्या कुत्र्यांना लावतात.”

“नको आजी. ते चाटून पोटात जातं, विषच ते.”

त्यांच्या मुलाचा प्रश्न जास्त काळजीचा होता. मागच्या ओढ्याकाठी आणखी एक कायोटी खाजवताना दिसतो, त्याच्यासाठी मांसात आयव्हरमेक्टिन घालून ठेवू का? अजिबात नको. कुणी किती खाल्लं हे कळत नाही. दोन आठवड्यांनी तोच प्राणी येईल याची खात्री नाही. शेजारच्या कॉली जातीच्या कुत्र्याने तो तुकडा उचलला तर? कॉलींपैकी बऱ्याच जणांत एमडीआर1 या, औषधं मेंदूपासून अडवणाऱ्या जनुकाचा दोष असतो. औषध मेंदूत शिरतं, कुत्रा झिंगतो, आंधळा होतो, जास्त डोसात मरतोही. शिवाय एका जागी खाणं ठेवलं की निरोगी आणि आजारी सगळे तिथेच नाकाला नाक लावतात.

त्याऐवजी पायऱ्यांखालची पोकळी बंद करायला सांगितली. आधी तोंडाशी पीठ भुरभुरून आत कुणी नाही ना हे पाहायचं. मग लोखंडी जाळी 30 सेंटिमीटर जमिनीत पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला वळवायची. जमीन गोठलेली आहे तोवर नुसत्या फळ्या ठोका, खोदकाम एप्रिलमध्ये करा.