सुट्टीत मुलांसाठी गाणी कोणती लावू?

"दुपारभर मुलं घरात असतात, तरी तुमच्याकडे टीव्ही बंद कसा? मागे गाणी चालू असतात म्हणून का? कोणती लावता?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिना लागला की हे मला हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

गाण्यांचा वाटा आहेच. पण मी ती दिवसभर लावून ठेवत नाही. सतत वाजणारं गाणं मुलं ऐकेनाशी होतात, मग त्यावर आवाज चढवून बोलतात आणि घरात नुसता गलका होतो.

मुलं वाचत-लिहीत असतील तर शब्दांचं गाणं नकोच. वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारत असतो, कानावर पडणारे शब्द त्यात घुसतात. लावायचंच तर बासरी किंवा संतूर, तेही बारीक आवाजात. माझं विचाराल तर वाचणाऱ्या मुलाला शांतताच द्यावी.

हाताला काम असलं की मात्र गाण्याची खरी गंमत. परवा उडदाच्या डांगराच्या लाट्या करून मुलांना पापड लाटायला बसवलं आणि भजनी ठेक्यातले अभंग लावले. थोड्याच वेळात धाकटीचं लाटणं ठेक्यात फिरायला लागलं, आणि बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती पापड उचलून सुपात टाकू लागली. सम म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलेलं नाही! पापड वेडेवाकडे झाले, पण लाट्या संपेपर्यंत एकही मूल उठलं नाही.

ढोल मात्र मागे वाजवायची गोष्ट नाही. नाशिकचं मूल ते, ढोल लागला की बसेल कसं? तो संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, मनसोक्त नाचायला.

मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवून मुलं हुशार होतात का, हेही विचारतात. ही समजूत ज्यातून पसरली, तो १९९३चा गाजलेला प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. त्या आशेने काही लावू नका. आवडतं म्हणून लावा.

हेडफोन शक्यतो टाळाच. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी आहे. मोबाइलचा आवाज त्यावर सहज जातो.

आणि पसारा आवरायला एकच गाणं ठरवून टाका, रोज तेच. ते संपायच्या आत रंग, कागद, कात्री जागच्या जागी. गाणं निवडायचा मान मुलांना द्या, म्हणजे आवरायची कटकट तुमच्यामागे लागणार नाही.