नकली कबुतरांचे पार्सल आणि बेळगाव-बेळगावीचा घोळ

बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या शिवारात भाताची कापणी आटोपली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर आणि वाटाणा पेरण्याची आमची जुनी रीत आहे, आणि कुरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, मागे नीट न बुजलेला दाणा टिपण्यासाठी पारव्यांचे थवे उतरतात, हीही रीत तितकीच जुनी आहे. बुजगावण्याच्या डोक्यावर निवांत बसलेले पारवे मी स्वतः पाहिलेले आहेत. गोफण घेऊन दिवसभर बांधावर बसायला आता घरात माणूस उरलेला नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे वुड पिजन नावाचे मोठे रानकबूतर वाटाण्याचे आणि तेलबियांचे नुकसान करते, आणि त्याची शिकार करणारे लोक मोटारीवर गरगरणारे एक यंत्र रानात मांडतात, हे त्याने मला फोनवर सांगितले. 12 व्होल्टच्या मोटारीला दोन लांब दांड्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला पंख पसरलेले एक कबूतर, मेलेले किंवा प्लास्टिकचे, अडकवलेले असते. दांड्या फिरू लागल्या, की पंखांवरचे पांढरे पट्टे दुरून लुकलुकतात, आणि खाली आपलेच भाईबंद उतरत आहेत अशा समजुतीने थवा बंदुकीच्या टप्प्यात येतो. परंतु वेग जास्त झाला किंवा प्लास्टिक उन्हात चमकले, तर तोच थवा दुरूनच वळतो, म्हणून शिकारी वेग कमी ठेवतात आणि चकाकी टाळतात. हे ऐकताच मी म्हणालो, की अरे, त्यांची जी चूक तीच मला हवी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीची भाषा करण्यात अर्थ नाही, आणि मला पारवे मारायचेही नव्हते. ते माझ्या रानात उतरू नयेत, एवढेच हवे होते.

“मामा, एक जुने यंत्र मिळते आहे, पाठवून देतो,” असे म्हणून त्याने सप्टेंबरच्या अखेरीस ते टपालाने रवाना केले. बॅटरी पाठवू नकोस, हे मी आधीच बजावले होते, कारण विमानाच्या टपालात बॅटऱ्यांवर निर्बंध असतात आणि घरच्या यूपीएसमध्ये असते तशी 7 अँपिअर-तासांची बॅटरी इथे कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. जे बजावायचे राहिले, ते मात्र पुढे सहा आठवडे भोवले. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते : कबुतरांच्या शिकारीचे यंत्र.

परदेशी टपाल हाताळणाऱ्या एका कचेरीत पार्सल अडकले. पहिल्या पत्रात विचारणा होती, की हे शस्त्र आहे काय आणि असल्यास परवाना कोठे आहे. याला नळी नाही, घोडा नाही, गोळी नाही, केवळ मोटार आणि दोन खोटी कबुतरे आहेत, असे उत्तर मी छायाचित्रासह पाठवले. बारा दिवसांनी दुसरे पत्र आले. आता शस्त्राचा विषय मिटला होता, पण माझी ओळख पटत नव्हती. पार्सलवर जिल्हा ‘बेळगाव’ होता आणि माझ्या आधार कार्डावर ‘बेळगावी’. 1 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारने नाव बदलले, गाव तेच राहिले, पिन कोडही तोच राहिला, हे मी तीन वेळा तीन निरनिराळ्या व्यक्तींना सांगितले, आणि प्रत्येकाने ते मान्य करून लेखी पुरावा मागितला. पुरावा म्हणून शेताचा उतारा जोडला, तर तो कन्नडमध्ये असल्यामुळे त्याचे इंग्रजी भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून पाठवावे लागले. मराठीत बोलणाऱ्या माणसाने कन्नड उताऱ्याचे इंग्रजी करून आपण बेळगावचेच आहोत हे सिद्ध करायचे, हा प्रसंग आमच्या भागात नवा नाही. पण दोन प्लास्टिकच्या कबुतरांसाठी तो ओढवावा, याचा राग अजूनही जात नाही. दरम्यान पेरणी उरकली आणि पारवे आपला वाटा घेऊन गेले.

ज्यांना असे काही मागवायचे असेल, त्यांनी पाठवणाऱ्याकडून ‘शेतातील पाखरे हुसकावण्याचे यंत्र’ असे खरे वर्णन आधीच लिहून घ्यावे आणि पत्ता आधार कार्डावर असेल त्याच अक्षरांत द्यावा. भेट म्हणून पाठवल्याने शुल्क टळते हा समज सोडून द्यावा. राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटींची ती सवलत डिसेंबर 2019 पासून राहिलेली नाही.

यंत्र हाती आले ते नोव्हेंबरच्या मध्यावर, दुबार पेरणीच्या आदल्या दिवशी. आपल्या पारव्याच्या पंखावर पांढरा पट्टा नसून दोन काळे पट्टे असतात, म्हणून कबुतरे काढून टाकून दांड्यांना चमकत्या फिती बांधल्या आणि वेग पूर्ण ठेवला. सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चारनंतर, एवढाच वेळ ते चालवले. शेजारच्या रानातून हाक आली, “कबुतरं बोलवायचं यंत्र आणलासा की काय, काका?” पहिले सहा दिवस एकही पारवा उतरला नाही, आणि तेवढ्या दिवसांत मला कमालीचे समाधान लाभले. सातव्या दिवशी पाच-सहा पारवे विजेच्या तारेवर बसून ते निरखू लागले. म्हणून रोज जागा बदलावी, हे मला तेव्हा कळले. मसुराला दोन-तीन पाने फुटेपर्यंतचेच दिवस सांभाळायचे असतात, आणि तेवढे निभले.

एक गोष्ट सांगायची राहिली. यंत्र उघडून पाहिले, तेव्हा आतली मोटार मोटारगाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटारीसारखीच निघाली. ती मिनिटाला साधारण 40 ते 60 फेऱ्या घेते आणि 12 व्होल्टवर चालते. मी भंगारातून तशीच एक आणून गावच्या वेल्डरकडून दांड्या जोडून घेतल्या आहेत. मोटारीवर पाणी पडू नये म्हणून तिच्यावर तेलाचा कापलेला डबा उपडा बसवला आहे.