थोडी फेरीबोट, थोडी पायपीट

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एका गोष्टीवर आमचं एकमत नाही. ह्यांना पाण्यावर बसायला आवडतं, मला जमिनीवर चालायला. ह्यांचं लहानपण वेंगुर्ल्याचं. मुंबईहून पणजीला जाणारी ‘कोकणशक्ती’ नाहीतर ‘कोकणसेवक’ बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावातून किनाऱ्याला यायचं, हे ते अजून रंगवून सांगतात. मी सत्तरी तालुक्यातली, घाटाच्या पायथ्याशी वाढलेली. शाळेला जायचं तर ओहोळ ओलांडून, रान तुडवत. त्यामुळे हे निवृत्त झाल्यावर फिरायचं ठरलं, तेव्हा वाटाघाटी झाल्या. निम्मं पाणी, निम्मी वाट. गोवा असा आहे की हे जमतं.

मांडवीवरची संध्याकाळची बोट आम्ही आधीच उरकली होती. वर देखणी, फुगडी, कोरीदिन्यो असे नाच, मग कानठळ्या बसवणारी गाणी आणि त्यावर नाचणारं अख्खं ऑफिस. नदी कुठे दिसली तर मोबाइल धरलेल्या हातांच्या फटीतून. पाहुणे आले की न्यावं लागतं, नेते मी. पण नदीच बघायची असेल तर सरकारी फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही, आणि कठड्याला टेकून उभं राहायला कोणी मनाई करत नाही.

आमची आवडती फेरी जुन्या गोव्याची. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ धक्क्यावर उतरतो. वास्को द गामाच्या पणतूने ही कमान बांधली आणि वर पणजोबांचा पुतळा बसवला. त्याच्याखालून रोज मासळीच्या पाट्या, शाळकरी पोरं आणि स्कुटरी जातात, याची मला दर वेळी गंमत वाटते. फेरी पाच-दहा मिनिटांत दिवाडीला लागते. ह्यांचं म्हणणं, फारच लवकर लागते.

दिवाडीवर उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन शेती. परगावच्या पाहुण्यांना वाटतं हे साधं भाताचं शेत. पण ही जमीन खाऱ्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली आहे, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून. मातीचे बांध घालून नदी अडवायची आणि बांधात एक दार ठेवायचं, त्याला मानस म्हणतात. त्या दिवशी ओहोटी सुरू होती, म्हणून आम्ही बांधावर बसूनच राहिलो. लाकडी फळ्यांची दारं, शेवाळाने काळी पडलेली, आतल्या पाण्याच्या रेट्याने बाहेरच्या बाजूला उघडली होती आणि शेतातलं पाणी नदीकडे धावत होतं. भरती आली की नदीचंच पाणी दारं ढकलून लावून टाकतं. मोटर नाही, कळ नाही, माणूसही लागत नाही. दाराच्या तोंडाशी जाळं लावून एक म्हातारबा बसले होते. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी होते, ज्याची बोली मोठी त्याची मासळी. जाळ्यात काय ते विचारलं तर जाळं उचलून दाखवलं: कोळंबी, शेवटे जातीचे दोन मासे आणि एक खेकडा, तो जाळं कुरतडत होता. शेवट्यांचा भाव ह्यांनी विचारलाच. पुढे दिवसभर चालायचं होतं म्हणून मी डोळे वटारले.

शेतं संपली की पिएदादची टेकडी. चढ छोटा, पण ह्यांना धाप लागते आणि मग ते वाटेतल्या प्रत्येक घराच्या बाल्कांवाची, म्हणजे पुढच्या ओसरीची, रचना बारकाईने बघायला लागतात. वर चर्च आहे आणि बाजूच्या दफनभूमीत एक लहानसं चॅपेल. तिथे वर मान करून बघा. छताचा कोरीव दगड कदंब राजांच्या काळातला, जुन्या देवळाचा आहे. टेकडीवरून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे माडांतून डोकावतात.

तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्याच्या धक्क्यापर्यंत, आम्ही चालत जातो. रिक्षा मिळते, पण मग निम्म्या वाटेचा करार मोडतो. सप्तकोटेश्वर महादेव मुळात इथला, याच बेटावरचा. कदंब राजे स्वतःला त्याचा वर लाभलेले म्हणवून घेत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे, डिचोली महालात नेलं. तो भाग तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. म्हणजे देवही याच पाण्यावरून गेला आणि मागून आपण फेरीने जायचं. पलीकडच्या नार्व्यात जे देऊळ आहे, त्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. दारावरच्या लेखात शके १५९० आहे, ‘श्रीशिवराज्ञा’ हे शब्द आहेत. आमच्यासारख्या मराठी घरात वाढलेल्या माणसाचे पाय तिथे थबकतातच. आत पैलू पाडलेलं धारालिंग. बाहेरून देऊळ बुटकं, उतरत्या कौलांचं, वर घुमट, समोर दीपस्तंभ. भव्य काहीतरी बघायला येणाऱ्यांची निराशा होते. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. काम नेटकं झालंय, उगाच रंगरंगोटी नाही.

पाण्याचा ह्यांचा खरा वाटा कुंभारजुव्याच्या कालव्यात वसूल झाला. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारं हे पाणी, दोन्ही बाजूंना खारफुटी इतकी दाट की होडीचं यंत्र बंद केल्यावर चिखलातले बुडबुडेसुद्धा ऐकू येतात. निवटे चिखलावर उड्या मारत होते, खंड्या फांदीवरून पाण्यात. आम्ही आलो होतो मगरींसाठी. गोड्या पाण्यातली मगर इथे मचूळ पाण्यात सुखाने राहते. तासभर काही नाही. मग होडीवाला पुटपुटला, “थंय पळय बाय, मानगे!” मला दिसला तो ओंडका. ओंडक्याने डोळा उघडला. चिखलात पोट टेकलेली, पाठीवरचे खवले वाळून राखाडी झालेले, जबडा थोडा उघडा. आमच्याकडे तिने दुर्लक्ष केलं आणि सावकाश मागे सरकत पाण्यात गेली, लाट न उठवता. ह्यांनी हात झटकन होडीच्या आत घेतला.

फोंडा तालुक्यात दुर्भाटला या मानग्याची पूजा होते, पौष अमावास्येला. खाजनातल्या चिखलाची मगर करायची आणि पाठीवर शिंपल्यांचे खवले लावायचे. बांध राखणाऱ्या शेतकऱ्याचं आणि मगरीचं पाणी एकच, तेव्हा सलोखा ठेवलेला बरा. होडीत बसून ती मगर बघितल्यावर ही पूजा मला जास्त पटली.

मग माझी पाळी. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ बहुतेकांना माहीत असतं: काळा बेसाल्ट, कदंबांचं, खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. गोव्याच्या जांभ्या मातीत हा दगड घाटावरून आणला असं मानतात. लोक तिथे फोटो काढून परत फिरतात. आम्ही वनखात्याची परवानगी घेऊन मागच्या धबधब्याकडे निघालो. पाऊस नुकताच ओसरला होता, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडायचा, दगडांवर शेवाळ. शीळकरी कस्तुर कुठूनतरी रिकामटेकड्या पोरासारखी शीळ घालत होता. ह्यांच्या मोज्यावर एक जळू उभी राहिली, हवेत टोक हलवत, कुठे जायचं ते ठरवत. मी चुन्याची डबी काढली. “अहो, हलू नका,” म्हटलं, तर हे नाचायला लागले. जळू गळाली, डबी ओढ्यात गेली. धबधब्याखालच्या डोहात मात्र हे लहान मुलासारखे बसले आणि उठेनात, म्हणजे इथेही शेवटी पाणीच जिंकलं.

आता केरीहून तेरेखोलला जायचंय. मधली नदी फेरीने, पुढे किल्ल्याचा चढ पायी. ओहोटी फार खाली गेली की ती फेरी अडते, म्हणून ह्यांनी दिनदर्शिका पुढ्यात घेतली आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमीचा, भांगाचा म्हणजे कमी भरती-ओहोटीचा दिवस काढला. चुना मी घेतलाय. किल्ल्यावर जळवा नसतात, असं हे म्हणतात.