एका नमुन्याला नऊ बादल्या

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पाला विषय घेतला, मऊ प्लास्टिकमधलं थॅलेट मोजण्याचा. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. थॅलेट घातलं की लवचिक होतं. पण ते प्लास्टिकला रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं, हळूहळू झिरपत बाहेर येतं, आणि तान्ही बाळं तर खेळणं आधी तोंडात घालतात. नमुने मी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणले: एक पिवळं बदक, एक बाहुली. बदक भाचीसाठीही एक घेतलं होतं.

जुनी रीत सॉक्स्लेटची, म्हणजे द्रावक उकळून, त्याची वाफ थंड करून नमुन्यावर पुन्हा पुन्हा टिपकवायची. बदकाचे बारीक तुकडे थिंबल नावाच्या कागदी नळकांड्यात, खाली 150 मिली हेक्झेन हा द्रावक, सहा तास उकळत ठेवायचं आणि वर वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नळाचं पाणी सतत चालू. पहिल्याच दिवशी लॅबमधल्या मामांनी नळीखाली 20 लिटरची बादली लावली. चाळीस मिनिटांनी हाक आली, "पोरी, भरली बघ." सहा तासांच्या नऊ बादल्या, एका नमुन्याला! आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आई पाणी सुटायची वाट बघत रात्र जागते. ते पाणी मोरीत जाताना मला बघवेना.

मग कूलरचा पंप टबात टाकून तेच पाणी फिरवलं, बर्फही घातला. पण एप्रिलमधली सोलापूरची दुपार! टबातलं पाणी तासाभरात कोमट. हेक्झेन 69 अंशांना उकळतं, त्याची वाफ नीट थंड होईना, खोलीभर वास. हेक्झेन मज्जातंतूंना घातक, म्हणून तेही थांबवलं.

मॅडम म्हणाल्या, "उकळतेस कशाला? विरघळवून बघ." अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची पद्धत त्यांनीच दाखवली: 50 मिलिग्रॅम नमुना 5 मिली टीएचएफ या द्रावकात विरघळवायचा, वर 10 मिली हेक्झेन ओतायचं. हेक्झेन पडताक्षणी नितळ द्रावण नासलेल्या दुधासारखं फुटलं. पीव्हीसीचा चोथा तळाशी, थॅलेट वरच्या द्रावणात. गाळलं की जीसी-एमएससाठी, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रासाठी, तयार. 150 ऐवजी 15 मिली द्रावक, आणि पाणी शून्य. द्रावक लागतातच, म्हणून हिला मी पूर्ण हिरवी, म्हणजे पर्यावरणस्नेही, म्हणणार नाही. नमुना नुसता तापवून निघालेली वाफ थेट यंत्रात सोडायची पद्धत आयईसी 62321-8 या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, तिला जवळपास द्रावकच लागत नाही. पण ती जोडणी आमच्या आवाक्यात नव्हती.

खरा त्रास पुढे झाला. 149 वस्तुमानाचा आयन ही थॅलेटची खूण, आणि ती आमच्या ब्लँकमध्येच, म्हणजे तुलनेसाठीच्या कोऱ्या द्रावणातच उमटली, ज्यात प्लास्टिक घातलंच नव्हतं! जीसी-एमएस बाहेर करून घ्यायचो, दर नमुन्याला पैसे. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी सापडलं: माझे व्हिनाइलचे हातमोजे. तेही पीव्हीसीच, टीएचएफचा थेंब लागला की त्यांतलं थॅलेट उतरायचं. नमुना जितका लहान, तितकी बाहेरची घाण मोठी दिसते. कमी द्रावकाच्या पद्धतीत हे आधीच धरून चालावं. मग नायट्राइलचे मोजे घेतले, प्लास्टिकचे ड्रॉपर बाद केले, काचेची भांडी दर वेळी हेक्झेनने विसळली. ब्लँक स्वच्छ आला.

सॉक्स्लेटने काढलेला बदकाचा आकडा नव्या पद्धतीच्या आकड्याशी जुळला. युरोपात खेळण्यात डीईएचपी या थॅलेटची मर्यादा 0.1 टक्के आहे. आमचं बदक तिच्या कितीतरी पुढे होतं. त्याच संध्याकाळी ताईला फोन केला.

आता ज्युनिअर मुलं याच पद्धतीने काम करतात. कपाटावर मी चिठ्ठी लावली आहे: व्हिनाइलचे हातमोजे इथे आणू नका.