वडिलांचं नाव

तुर्कस्तानातल्या बिलेजिकला हायस्पीड रेल्वेतून उतरलो तेव्हा खिशातून हात बाहेर काढवत नव्हता. पुढे सोगुतला डोल्मुश, म्हणजे आपली वडाप. सोगुत म्हणजे वाळुंज. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव असतात तसंच झाडाचं गाव. पण लिहिलेला 'ग' तिथे कुणी उच्चारत नाही. मी तीनदा 'सोगुत' म्हणालो, ड्रायव्हरला काही कळेना. शेवटी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा हसून दार उघडलं त्याने.

गाव एवढंसं. तीन खंडांवर पसरलेली उस्मानी सल्तनत इथून निघाली हे कुणी सांगितल्याशिवाय खरं वाटू नये. तिचा संस्थापक पहिला उस्मान, त्याचा बाप एर्तुग्रुल गाझी इथेच पुरलेला आहे. कबरीवर हिरवं कापड, आत निरनिराळ्या देशांतून आणून ठेवलेली माती, बाहेर जुन्या योद्ध्यांच्या वेषातले पहारेकरी. एका पोराला पहारेकऱ्याची तलवार धरून फोटो हवा होता, त्यासाठी आईचा पदर ओढणं चाललं होतं. पदर कसला, ओव्हरकोटच तो.

माझा किडा मात्र वेगळा होता: एर्तुग्रुलचा बाप कोण?

चहाच्या टपरीत दोन आजोबा पटाची सोंगटी सरकवत बसले होते. मोबाइलवर भाषांतर करून त्यांनाच विचारलं. टोपीवाले म्हणाले, "सुलेमान शाह." दुसऱ्यांनी भुवया उडवून, मान मागे टाकून 'च्यक्' केलं. नकाराचा हा आवाज आपलाच की! मग म्हणाले, "गुंदूज आल्प." खेळ थांबला आणि दोघांची जुंपली.

गंमत अशी की दोघांच्याही पाठीशी बखरी आहेत. आशिकपाशाझादे आणि नेश्री हे बखरकार सुलेमान शाहचं नाव देतात. त्यांच्या आधीचा, १४०० च्या सुमाराचा कवी अहमदी मात्र गुंदूज आल्प म्हणतो. १४६५ मध्ये लिहिणारा एन्वेरीही तेच. एर्तुग्रुल तेराव्या शतकातला, म्हणजे हे सगळे शंभर-दोनशे वर्षं उशिरा लिहिणारे. उस्मानच्या नाण्यांवर 'एर्तुग्रुलचा मुलगा उस्मान' एवढं वाचता येतं. एका नाण्यावर पुढे गुंदूज आल्पही आहे म्हणतात, पण त्या नाण्यावरूनही वाद आहेच.

सुलेमान शाहची गोष्ट ऐकायला जास्त रंगतदार. फुरात, म्हणजे युफ्रेटिस नदी ओलांडताना घोडा घसरला, शाह बुडाला, जाबर किल्ल्याजवळ पुरला. पण त्या भागात आणखी एक सुलेमान होता: अनातोलियातल्या सेल्जुक राज्याचा संस्थापक, कुतलमिशचा मुलगा. तो १०८६ मध्ये हलब, म्हणजे अलेप्पोजवळ मेला, आणि त्याचा मुलगा किलिच अर्सलान ११०७ मध्ये खाबुर नदीत बुडाला. बापाचं नाव आणि लेकाचं बुडणं एकत्र होऊन तिसरीच गोष्ट तयार झाली असावी, असा मला दाट संशय आहे.

तरी त्या थडग्याचा रुबाब कमी झाला नाही. १९२१ च्या अंकारा करारात फ्रान्सने ती सीरियातली जागा तुर्कस्तानकडे राहू दिली. १९७३ मध्ये तबका धरणाच्या पाण्यासाठी ती हलली. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर तुर्की सैन्य रणगाडे घेऊन गेलं आणि अवशेष उचलून सरहद्दीला खेटून असलेल्या एश्मे गावाजवळ नेऊन ठेवले. बाप खरा की नाही, ते कुणी विचारलं नाही.

या घराण्याचं नाव आपल्या दख्खनपर्यंतही येऊन पोचलेलं आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने विजापूरच्या दरबारात बसून लिहिलं की युसुफ आदिलशाह हा सुलतान दुसरा मुराद याचाच मुलगा, भाऊबंदकीत गळा कापला जाऊ नये म्हणून लपवून बाहेर काढलेला. आजचे इतिहासकार नकारार्थी मान हलवतात. पण सोगुतवाल्यांना स्वतःचा आजा ठरवता येत नसताना विजापूरकरांनी त्यांना बाप केलं, हे मला भारी आवडतं.

आजोबांचं भांडण चहाच्या तिसऱ्या ग्लासापर्यंत चाललं. गुंदूज आल्पवाल्यांनी माझ्या वहीत एक नाव लिहून दिलं: हिर्काटेपे, तालुका बेयपाझारी. तिथे त्यांच्या माणसाची कबर आहे, जाऊन बघा म्हणाले. टोपीवाले लगेच म्हणाले, "तिकडची गाजरं मात्र चांगली असतात," आणि सोंगटी पुढे सरकवली.