बाबांची दोन पानं

बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर दोन पानं छापून नातेवाइकांना वाटायची ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. नागपुरात फौजी म्हटलं की कामठीच्या लष्करी छावणीतला, नाहीतर वायुसेनानगरातला. नेव्हीवाला विरळाच. त्यामुळे मोहल्ल्यात बाबा शेवटपर्यंत ‘मिलिट्रीवाले काका’. नात्यात तर त्यांच्या नावावर एक अख्खी कथा होती, १९७१ च्या युद्धात ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली तेव्हा ते पोहत दीवला लागले अशी. ते स्वतः म्हणायचे, “मी कुठं लढलो? मी तर पाणी तापवत होतो.”

सुरुवात ट्रंकेतल्या पदकांपासून केली. गोष्टी ऐकण्याआधी पदकं पाहावीत, असं आता माझं ठाम मत आहे. १९७१ ला पूर्व आघाडीवर असणाऱ्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पदक मिळालं, पश्चिमेकडच्यांना ‘पश्चिमी स्टार’. बाबांचा ‘पूर्वी स्टार’. ‘खुकरी’ बुडाली ९ डिसेंबरला, दीवजवळ, अरबी समुद्रात. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बाबा तेव्हा बंगालच्या उपसागरात होते. हे मामांच्या गळी उतरवणं सगळ्यात जड गेलं.

मग सर्व्हिस सर्टिफिकेट. कुठल्या जहाजावर, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, सगळं एका कागदावर. तो नसता तर नौसैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या, मुंबईत मानखुर्दला असलेल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे अर्ज करावा लागला असता. लोणावळ्याचं ‘आयएनएस शिवाजी’ हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र कळलं, ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका कळली. त्या कागदावरची मधली आद्याक्षरं मात्र काही केल्या लागेनात. बाबांच्या डायरीत विशाखापट्टणमच्या एका जुन्या सोबत्याचा नंबर होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. फोन लावला.

अण्णा तेलुगू वळणाच्या हिंदीत तासभर बोलले. दोघेही स्टोकर, म्हणजे बॉयलर रूममधले. ‘विक्रांत’चे चार बॉयलर, त्यातल्या एकाला तडे गेलेले, म्हणून तिघांवरच जहाज चालवायचं, वेग अर्थातच कमी. आणि विमानं डेकवरून फेकणारं कॅटापल्टही वाफेवरच चालायचं! ४ डिसेंबरला सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली, ती या वाफेच्या जोरावर. खाली असलेल्यांना वरचं काहीच दिसत नसे. फक्त प्रेशर सांभाळायचं. बाबांचं ‘पाणी तापवणं’ मला तेव्हा कुठे समजलं. (हे सगळं मी नौदलाच्या प्रसिद्ध इतिहासाशी ताडून घेतलं. अण्णांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली निघाली.)

नेव्ही सुटल्यावर ते कोराडीच्या वीज केंद्रात लागले, पुन्हा बॉयलरवरच. हा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं, पण आई हटून बसली. “लढाई चौदा दिवसांची, कोराडी जन्मभराची. अन् लिहिणार तू लढाईच?” तिचं म्हणणं पटलं. युद्धाला अर्धं पान ठेवलं. उरलेलं दीड पान तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं: रात्रपाळीचे डबे, उन्हाळ्यात बंद पडणारी स्कूटर, मोहल्ल्यातल्या पोरांना अंबाझरीवर पोहायला शिकवण्याचा त्यांचा हट्ट, ज्याला एकाही आईने परवानगी दिली नाही.